काम, कुंपण आणि मुक्ती

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यामुळे विश्रांतीचा एक दिवस वाढला. सोमवारचा कंटाळा मात्र कमी झाल्याचे कोठे दिसत नाही. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट विशेष जाणवते. महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यांतून असंख्य माणसे स्वामी समर्थांच्या दर्शनाला येथे येतात, मनावरचे ओझे वटवृक्षाखाली ठेवतात आणि हलकी होऊन परततात. ज्यांचे घर आणि नोकरी याच गावात आहे, त्या शिक्षकाला, तहसील कचेरीतील कारकुनाला वा टपाल खात्यातील सेवकाला हे हलके होणे इतके सहज लाभत नाही. त्याचे ओझे म्हणजे त्याचे रोजचे काम. तीच हजेरी, तेच दाखले, तीच उजळणी, तेच तक्ते. आनंद म्हणून जो काही असेल तो सुटीत, सणात, देवळात किंवा निवृत्तीनंतर मिळावयाचा. काम ही केवळ त्या आनंदाची आगाऊ भरलेली किंमत, असा हिशेब सुशिक्षित मध्यमवर्गाने मनाशी करून टाकला आहे.

हा हिशेब मुळात चुकीचा आहे, असे ज्या परंपरांनी आग्रहाने सांगितले त्यांत ख्रिस्ती विचार महत्त्वाचा आहे. रोजच्या साध्या कामालाच अर्थ आहे आणि त्या अर्थातून आनंद मिळू शकतो, असे तो म्हणतो. हे म्हणणे व्यासपीठावरून ऐकावयास गोड वाटते. पण व्यवहारात ते टिकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. अक्कलकोट रोड स्थानकावरून जो लोहमार्ग सोलापूर व दौंड करीत पुण्याकडे जातो, त्याच मार्गावर या विचाराची एकदा केडगावला आणि एकदा सोलापुरात परीक्षा झाली. दोन्ही ठिकाणी श्रद्धा एकच होती, दोन्ही ठिकाणी माणसे दिवसभर राबत होती; परंतु निष्पत्ती एक नव्हती. ती का नव्हती, हे आज कोणत्याही कचेरीत वा शाळेत काम करणाऱ्याने समजून घेण्याजोगे आहे.

शिक्षा नव्हे, सोपवणूक

आधी मूळ विचार पाहावा. बायबलमधील उत्पत्तीच्या कथेत मनुष्याला एदेन बागेत ठेवले जाते ते बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी. ही सोपवणूक मनुष्याच्या हातून पाप घडण्यापूर्वीची आहे. काटेकुसळे, घाम आणि वैफल्य ही सारी पुढची. म्हणजे काम ही शिक्षा नसून कामात शिरलेली व्यर्थता ही विकृती आहे, असा या कथेचा अर्थ होतो. पुढे स्वतः येशूला त्याच्या गावची माणसे सुतार म्हणून ओळखतात, असे मार्कच्या शुभवर्तमानात आले आहे. आणि लूक सांगतो की, त्याने सार्वजनिक कार्यास आरंभ केला तेव्हा त्याचे वय सुमारे तीस वर्षांचे होते. त्याआधीची बहुतेक वर्षे नासरेथसारख्या आडगावी गेली आणि त्यांचा वृत्तांत जवळजवळ काहीच उपलब्ध नाही. ज्याला ख्रिस्ती माणूस ईश्वराचा अवतार मानतो, त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अशा अप्रसिद्धीत गेला, या गोष्टीचे महत्त्व अनेकदा लक्षात घेतले जात नाही. त्याचा थोर प्रेषित पौल हाही करिंथ नगरात अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू तयार करून पोट भरीत होता. हाताने काम करणे हे गुलामाचे लक्षण मानणाऱ्या त्या काळच्या ग्रीक-रोमन उच्चभ्रूंना हे सारे चमत्कारिक वाटले असेल.

या बीजाला पुढे अनेक फांद्या फुटल्या. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली केली, तीत प्रार्थनेच्या जोडीला अंगमेहनतीला निश्चित वेळ दिला; एवढेच नव्हे, तर मठातील अवजारे आणि भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत असे बजावले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने त्यापुढे जाऊन, मठात राहणारा साधूच तेवढा ईश्वराच्या बोलावण्याने जगतो ही समजूत नाकारली. गाय दोहणारी दासी आणि जोडे शिवणारा चांभार यांचेही काम हे ईश्वराचे बोलावणेच आहे, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या विचाराचे सार असे की, आपल्या सत्कृत्यांची गरज देवाला नाही, ती शेजाऱ्याला आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. त्याच्याविषयीची एक गोष्ट विशेष बोलकी आहे. त्याला स्वयंपाकघरातील कामाची मुळात नावड होती. आवडीचे काम मिळाले म्हणून तो आनंदी झाला नाही. नावडते काम तो कोणाच्या तरी सान्निध्यात आणि कोणासाठी तरी करू लागला, म्हणून आनंदी झाला.

सोलापूर जिल्ह्याच्या वाचकाला यात परके असे काही वाटण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कायकाचा सिद्धांत मांडला. स्वतःच्या श्रमाने मिळवावे आणि मिळविलेले दासोहाच्या रूपाने समाजाला अर्पावे, ही त्याची दोन अंगे. परंपरा सांगते की, बसवेश्वर प्रथम मंगळवेढ्यास हिशेब लिहिणारे करणिक होते. कारकुनी करणाऱ्यांनी हे अभिमानाने लक्षात ठेवावे. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव उभा केला. अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. गीतेतील कर्मयोग तर घरोघरी ठाऊक आहे. फरक आहे तो भर कोठे दिला यात. कर्मयोग फलाची आसक्ती सोडावयास सांगतो; ख्रिस्ती विचार ते फल शेजाऱ्याच्या हातात ठेवावयास सांगतो. दोन्ही वाटा अहंकारापासून दूर नेणाऱ्या आहेत. परंतु दुसरीत समोर एक चेहरा असतो. केडगावला जे घडले ते या चेहऱ्यामुळे.

केडगावचा छापखाना

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास आले आणि धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ झाले, तो इतिहास सर्वश्रुत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली व स्त्रिया शेकडोंच्या संख्येने आणल्या आणि केडगावच्या माळावर 'मुक्ती'ची वसाहत उभी राहिली. १९०० च्या सुमारास, गुजरातेतील दुष्काळानंतर, तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती. दुष्काळात स्वतःचे आईवडील आणि बहीण गमावलेल्या या विदुषीला उपासमार ही पुस्तकातून कळलेली नव्हती.

एवढ्या माणसांना नुसते जेवू घालणे हे धर्मकृत्य झाले असते. रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शेती, गाईगुरांची निगा, विणकाम, शिवणकाम, स्वयंपाक, शिकविणे अशी कामे तेथील स्त्रियांनीच अंगावर घेतली. अंध मुलींनाही वाचन आणि हातकाम शिकविले जाई. यात सर्वांत लक्षणीय होता तो छापखाना. ज्यांचे तोंड पाहणे अपशकुन समजले जाई अशा विधवा आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा दुष्काळातील मुली तेथे खिळे जुळवू लागल्या, मुद्रिते काढू लागल्या, छापलेले कागद घडी घालून बांधू लागल्या. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, सामान्य स्त्रीला समजावे या हेतूने, संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि ते याच छापखान्यात छापले गेले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला.

खिळे जुळविणे हे काही रम्य काम नव्हे. बोटे काळी होतात, डोळे शिणतात, आणि उलटी अक्षरे एकेक करून लावताना ओळीचा अर्थही पुष्कळदा हरवून जातो. कंटाळवाणेपणात ते कचेरीतील कोणत्याही नोंदवहीला हार जाणारे नाही. 'मुक्ती'तील शिस्तही ढिली नव्हती. तरीही या कामाने त्या स्त्रियांना उभे केले. कारण ते करताना त्या कोणाच्या दयेवर जगणाऱ्या उरल्या नाहीत. आपल्यासारखीच एखादी बाई हे पान वाचणार आहे, हे त्यांना माहीत होते. आणि आपल्या हाताच्या काळजीवर त्या बाईचे वाचणे अवलंबून आहे, हेही माहीत होते.

तारेच्या आत

आता त्याच लोहमार्गावरील दुसरे ठिकाण. ब्रिटिश सरकारने १८७१ साली प्रथम केलेला आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा कैकाडी, पारधी यांसारख्या संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवीत होता. या जमातींना कामाची सवय लावून सुधारावे, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत करण्यात आली. सोलापूरकर आजही तो भाग 'सेटलमेंट' या नावाने ओळखतात. सोलापुरात कापडगिरण्या असल्यामुळे हातांना काम होते. काही काळ या वसाहतीच्या व्यवस्थेत अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. मिशनच्या लोकांचा हेतू दुष्ट होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलांसाठी शाळा चालविल्या जात, आणि उपाशी भटकण्यापेक्षा गिरणीतील मजुरी बरी, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असावे.

परंतु तारेचे कुंपण हे कुंपणच होते. हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे. गिरणीत शेजारच्याच मागावर काम करणारा दुसरा मजूर संध्याकाळी आपल्या घरी जाई आणि वसाहतीतला माणूस तारेच्या आत परत येई. काम तेच, सूत तेच, कापडही तेच. पण एकाचे काम ही त्याची उपजीविका होती आणि दुसऱ्याचे काम हा त्याच्यावरील संशयाचा रोजचा पुरावा होता. स्वातंत्र्यानंतर हा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती देशभर 'विमुक्त' झाल्या. केडगावच्या स्त्रियांना मुक्तीचे नाव कामाबरोबरच मिळाले होते. सोलापूरच्या या माणसांना ते काम लादणारी तार निघाल्यानंतर मिळाले. दोन शब्दांतील हे अंतर पुष्कळ काही सांगून जाते.

श्रमाची महती गाणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने हे दुसरे उदाहरण विसरू नये. कामाला पवित्र म्हणणे सोपे आहे. ज्याच्याकडून ते करून घ्यावयाचे त्याला पवित्र मानणे कठीण आहे. पहिले करून दुसरे टाळले की धर्माचा उपदेश मुकादमाच्या हातातील छडी होतो.

कसोट्या

हा धोका ख्रिस्ती धर्मग्रंथांना ठाऊक नव्हता असे मात्र नाही. उलट, काम माणसाचे की कुंपणाचे, हे ओळखण्याच्या कसोट्या त्यांतच सांगितलेल्या आहेत. पहिली कसोटी विसाव्याची. आठवड्यातील एक दिवस कामाविना जावा, ही आज्ञा मालकाइतकीच दासदासींना, परक्यांना आणि गुराढोरांनाही लागू केलेली आहे. ज्या मुलखात पोळ्याला आणि बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत, तेथे हे समजावून सांगावे लागणार नाही. अनुवादाच्या पुस्तकात या आज्ञेचे कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः एकदा मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका. गुलामाला सुटी नसते. म्हणून जो थांबू शकतो तोच स्वतंत्रपणे काम करतो. निवृत्तीपर्यंत आनंद पुढे ढकलणारा आणि रात्री अकरापर्यंत भ्रमणध्वनीवर वरिष्ठांच्या सूचना वाचीत बसणारा नोकरदार या कसोटीला उतरत नाही. पण दोष नेहमी त्याचाच असतो असेही नाही.

दुसरी कसोटी मजुरीची. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, अशा आशयाचा कडक इशारा याकोबाच्या पत्रात आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर काढलेल्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह आला, तो याच परंपरेतून. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावर स्वतंत्र परिपत्रक लिहिले, त्याचा गाभा असा की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आणि कामाची प्रतिष्ठा कोणते काम यावर ठरत नसून ते माणूस करतो यावर ठरते. शिक्षणसेवक म्हणून उमेदीची वर्षे मानधनावर काढणाऱ्या तरुणाला कामातील आनंदाचे प्रवचन देण्यापूर्वी या दुसऱ्या कसोटीची आठवण प्रवचन देणाऱ्याने ठेवणे बरे.

तिसरी कसोटी चेहऱ्याची: हे काम कोणासाठी आहे, ते करणाऱ्याला दिसते काय? येथे मात्र जबाबदारी केवळ शासनावर वा संस्थेवर टाकून चालणार नाही. अक्कलकोट तालुक्यातील पुष्कळ मुले घरी कन्नड बोलतात आणि त्यांतील काही मराठी शाळेत बसतात. अशा वर्गातील शिक्षकाला माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांनी किती पिडले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविरुद्धची तक्रार रास्तच आहे. परंतु मागच्या बाकावरील मुलाला 'ळ' आणि 'ल' यांच्यापलीकडे नेमके काय अडते आहे, हे शोधण्याचे काम कोणत्याही परिपत्रकाने त्याच्यापासून हिरावलेले नाही. ते शोधणे आणि एके दिवशी त्या मुलाने न अडखळता धडा वाचणे, यात जो आनंद आहे तो पगारपत्रकात दिसत नाही. तो दुसऱ्या कोठेही मिळत नाही.

कारकुनाची गोष्ट याहून वेगळी नाही. सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला, विधवेचे निवृत्तिवेतन ही कागदावरची नावे; पण एका सहीसाठी सीमेवरच्या खेड्यातून बस धरून आलेली म्हातारी हा कागद नव्हे. तिचे काम आज झाले की तिची एक मजुरी वाचते. "उद्या या" म्हटले की ती बुडते. मजुरी अडविणाऱ्या जमीनदारावर याकोबाने ओढलेला कोरडा अशा वेळी टेबलामागच्या माणसालाही लागू पडतो. उलट, खिडकीशी आलेल्या माणसाला नावाने हाक मारणारा आणि त्याचा अर्ज पहिल्याच खेपेला बिनचूक लिहवून घेणारा कारकून हा बेनेडिक्टचा नियम न वाचताही पाळीत असतो. त्याची नोंदवही हे त्याचे पवित्र पात्र असते.

राहता राहिला विद्यार्थी. विशेषतः पदवी पदरात पडल्यावर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसणारा. त्याला कामाचा आनंद कसला, कामच नाही, असे तो म्हणेल. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची एक कथा आहे. दिवस मावळता मावळता त्याला बाजारात रिकामे उभे असलेले मजूर दिसतात. तो त्यांना आळशी म्हणत नाही. कोणी कामावर बोलावलेच नाही हे त्यांचे उत्तर तो ऐकून घेतो, त्यांना कामावर लावतो आणि दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी देतो. सकाळपासूनचे मजूर कुरकुरतात. परंतु उशिरा आलेल्याच्या घरची चूल तेवढ्याच दाण्यांवर पेटते, हे मालकाला माहीत आहे. काम न मिळणे हा कमीपणा नव्हे, ही या कथेची पहिली शिकवण तरुणांसाठी. आणि बाजारात उभ्या असलेल्यांना बोलावणे ही मळ्याच्या मालकाची जबाबदारी आहे, ही दुसरी शिकवण समाजासाठी. तोवर अभ्यासिकेतल्या तरुणाने शेजारच्या गल्लीतील दोन मुलांना गणित शिकविले, तर ते नेमणुकीच्या आदेशाविनाही कामच ठरेल.

असा उपदेश म्हणजे अन्यायाशी केलेली तडजोड होय, असा आक्षेप घेतला जाईल. सोलापूरची तार डोळ्यांसमोर ठेवली तर तो आक्षेप हलका लेखता येणार नाही. पण केडगावच्या छापखान्याकडे पाहिले तर त्याचे उत्तरही मिळते. समाजाने न्याय देईपर्यंत थांबावे, मग कामाला लागावे, असे त्या स्त्रियांनी ठरविले असते तर बहुतेकींचे आयुष्य थांबण्यातच संपले असते. त्यांनी काम हातात घेतले आणि त्या कामानेच त्यांना नाकारणाऱ्या समाजाला उत्तर दिले. हक्कासाठी भांडणे आणि हातातले काम चोख करणे यांत विरोध नाही. किंबहुना आपले काम ज्याला मनापासून मोलाचे वाटते, तोच त्याचे मोल ठामपणे मागू शकतो. ज्याने स्वतःच आपल्या कामाला कवडीमोल ठरविले, त्याच्या मागणीत जोर कोठून येणार?

कुंपणे आजही आहेत. ती तारेची नसून परिपत्रकांची, कंत्राटांची आणि पुष्कळदा स्वतःच्याच उदासीनतेची असतात. पहिल्या दोन प्रकारची कुंपणे संघटित प्रयत्नांनी काढावी लागतील आणि ती काढलीच पाहिजेत. तिसरे काढण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे मान वर करून पाहिले की ते निघू लागते.